‘कोर्कोवादो’ ताडून ऐकताना

खंजिरी भजनात कान तयार झालेल्या माणसाला बोसा नोव्हा, हे ब्राझीलचं संगीत, अवघड नाही. ठेका कुठे पडतो आणि गाणारा त्याच्या पुढे आहे की मागे, हे त्याला आधीच कळतं. या संगीतातला बहुतेक फरक तिथेच असतो. तुलनेसाठी एकच गाणं धरा: ‘कोर्कोवादो’. चाल आणि पोर्तुगीज शब्द दोन्ही अँतोनियो कार्लोस जोबिम यांचे, आणि १९६० पासून ते शेकडो जणांनी गायलं-वाजवलं आहे. कोर्कोवादो हा रिओ दि जानेरोतला ७१० मीटर उंचीचा डोंगर. माथ्यावर हात पसरलेला ख्रिस्त उभा आहे, तो १९३१ पासून.

शब्दांचा अर्थ आधी पक्का करा, नाहीतर तुलना फक्त आवाजाची होते. एक कोपरा, एक गिटार, हे प्रेम, आणि आपल्या माणसाला आनंद व्हावा म्हणून एक गाणं. विचाराला स्वस्थता, स्वप्नाला वेळ. खिडकीतून कोर्कोवादो दिसतो, तारणहार (माथ्यावरचा तो ख्रिस्त) दिसतो, किती सुंदर. आयुष्य असंच जावं, तू जवळ, जुनी ज्योत विझेपर्यंत. जगावरचा विश्वास उडालेला मी दुःखी होतो. तू भेटलीस आणि सुख काय ते कळलं. गाणं एवढंच आहे. जोबिम यांच्या मूळ ओळीत कोपऱ्याच्या जागी सिगारेट होती. गायक-गिटारवादक जोआंव जिल्बेर्तो यांनी ती काढून कोपरा घातला. कुठलंही पोर्तुगीज गायन लावलं की पहिल्या दोन शब्दांत ‘कांचिन्यु’, म्हणजे कोपरा, येतं की नाही ते पाहा.

इंग्रजी शब्द जीन लीस यांचे. त्यात शांत रात्री, शांत तारे आणि झऱ्याकाठचं चालणं येतं, तारणहार मात्र जातो. काही जण तर डोंगराचं नावही न घेता नुसते ‘डोंगर आणि समुद्र’ गातात. म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोधा: ‘कोर्कोवादो’ आणि ‘क्वायट नाइट्स ऑफ क्वायट स्टार्स’. एकाच नावावर थांबलात तर निम्मी रेकॉर्डिंगं हाती लागत नाहीत.

सुरुवातीला सहा पुरेत.

१. जोआंव जिल्बेर्तो, १९६०. दोन मिनिटांच्या आसपास. हे आपलं माप. बाकी सगळी याच्याशी ताडायची.
२. सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि जोआंव जिल्बेर्तो यांचा अल्बम. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला, १९६४ मध्ये निघाला. सुरुवात अस्त्रुद जिल्बेर्तो इंग्रजीत करतात, मग जोआंव पोर्तुगीजमध्ये गातात. पियानोवर स्वतः जोबिम, ड्रमवर मिल्टन बनाना.
३. जोबिम यांचा १९६३ चा वाद्यसंगीताचा अल्बम. वाद्यवृंदाची बांधणी क्लाउस ओगरमन यांची.
४. अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा आणि जोबिम, १९६७. बांधणी पुन्हा ओगरमन यांचीच, म्हणून तिसऱ्याशी जोडीनं ऐकायला सोयीचं.
५. ब्राझीलच्या गायिका एलिस रेजिना आणि जोबिम, १९७४, लॉस एंजेलिस.
६. एव्हरीथिंग बट द गर्ल ही ब्रिटिश जोडी, १९९६. पोर्तुगीज शब्द, खाली इलेक्ट्रॉनिक ड्रम.

ही सहाही तालुक्याला चांगलं नेट मिळेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा, आणि सहांची क्वालिटी एकच निवडा. गावात रेंज खालीवर झाली की स्ट्रीमिंग आपोआप हलक्या दर्जावर उतरतं. मग झांजेचा, ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशचा आवाज खरखरीत होतो आणि दोष गाण्याचा वाटतो. अपलोड कुठल्या आवृत्तीचं आहे तेही पाहा. जिल्बेर्तो यांच्या पहिल्या तीन अल्बमांची सीडी काढताना मूळ आवाजात फेरफार केला, म्हणून त्यांनी कंपनीवर खटला भरला होता. प्रतिध्वनी वाढवलेली प्रत ऐकून १९६० च्या गायनावर मत बनवणं म्हणजे मिसळलेल्या दुधावरून गाय पारखणं.

वेळ निवडताना कूलरचा विचार करा. कूलरच्या पंख्याची घरघर आणि गिटारवर अंगठ्यानं वाजवलेले खर्जाचे सूर जवळपास एकाच पट्टीत येतात, आणि घरघर जिंकते. उन्हाळ्यात पहाटे अंगणात, कूलर बंद असताना ऐका. दिवाळीनंतर रात्री दहाच्या पुढे सोपं जातं. फक्त शेजारच्या वावरात रात्रीच्या लाइनवर ओलित सुरू असेल तर मोटारीचा आवाज लांबवर येतो. लाइन गेल्यावर गाव जसं शांत होतं, तशी शांतता एरवी मिळत नाही. फोन चार्ज करून ठेवा आणि ती वेळ साधा.

ऐकायला तारेचे साधे इअरफोन घ्या, दोन्ही कानांत. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं एकेका बाजूला ठेवलेली असतात. एकच कान घातला तर निम्मं गाणं जातं. छोटा ब्लूटूथ स्पीकर खर्ज खातो, म्हणून या कामाला तो नको. फोनमधलं इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ बंद करा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: आवाजाची पातळी. दोन रेकॉर्डिंगांत किंचित मोठं वाजणारं आपल्याला सरस वाटतं, आणि ते मोठं आहे हे लक्षातही येत नाही. नवी रेकॉर्डिंगं साधारणपणे मोठ्या पातळीवर बनतात, त्यामुळे १९६० च्या पुढे १९९६ चं लावलं की जुनं बिचारं दबून जातं. दोन्हींतला फक्त गाण्याचा भाग घ्या, गळा सारखाच जवळ वाटेपर्यंत फोनची पातळी बदला आणि कितव्या खुणेवर थांबलात ते कागदावर लिहा. ऐकताना पुन्हा हात लावू नका.

पहिल्या फेरीत फक्त ठेका. मनात सोळा मोजा, त्रितालासारखे. १, ५, ९, १३ वर टोंगळ्यावर थाप द्या; हा गिटारवरचा अंगठा, सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या संगीतातल्या मोठ्या ढोलाची जागा. आता दुसऱ्या हातानं १, ४, ७, ११, १४ वर टिचकी द्या. ड्रमच्या कडेवर काठीचा ‘टक’ असतो, त्याचा हा नेहमीचा साचा. पहिली मात्रा सोडली तर एकही टिचकी थापेवर पडत नाही. बोसा नोव्हाचा झोका यातूनच येतो. काही वादक दोन अर्धी उलटवतात, तेव्हा टिचक्या ३, ६, ९, १२, १५ वर येतात. जिल्बेर्तो यांची बोटं एकाच साच्यात अडकून राहत नाहीत, शब्दांप्रमाणे सरकतात. पण अंगठा हलत नाही. खंजिरी वाजवणाऱ्याचा हात इथे जागा भरायला शिवशिवेल. भरू द्यायचा नाही.

लय मोजायची तर पंधरा सेकंदांत अंगठ्याचे ठोके मोजून चारनं गुणा. चूक होते ती सहाव्या रेकॉर्डिंगवर: ड्रम दुप्पट वेगात धावतात आणि गळा आपला सावकाश चालतो. ड्रम मोजलेत तर आकडा दुप्पट येईल. सगळीकडे शब्दांच्या चालीखालचा ठोकाच मोजा.

दुसरी फेरी गळ्याची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. डोंगर येतो ती एकच ओळ निवडा. कागदावर अंगठ्याच्या प्रत्येक ठोक्याला एक उभी रेघ मारा. मग ओळ पुन्हा पुन्हा लावून प्रत्येक शब्द रेघेच्या आधी, रेघेवर की नंतर पडतो ते देवनागरीत लिहा. उच्चार जसा ऐकू येईल तसा. भाषा यायची गरज नाही. दहा-बारा वेळा लावावं लागतं. जिल्बेर्तो यांचा कागद पाहिला की दिसतं: शब्द कधी लवकर येतात, कधी रेंगाळतात, गिटार मात्र जागची हलत नाही. मुक्कामाला दोघं बरोबर पोचतात. सूर लांबवताना कंप नाही, तान नाही, बोलण्याएवढाच आवाज. सिनात्रा यांचा कागद वेगळा निघतो. ते वाक्याच्या अर्थाप्रमाणे श्वास तोडतात, शेवटचा शब्द धरून ठेवतात, आणि एरवी भरदार असलेला गळा इथे मुद्दाम आवरतात. एलिस रेजिना यांच्याकडे फार मोठा आवाज होता. त्या या गाण्यात तो जवळजवळ वापरतच नाहीत, आणि म्हणून ज्योत विझण्याची ओळ त्यांच्या तोंडी सगळ्यांत खोल उतरते. या सहांत प्रेमगीत म्हणून पहिला मान त्यांच्या गायनाला द्यावा लागतो. अस्त्रुद यांचं गायन साधं, सरळ, थोडं कोरं आहे. त्यावरून त्यांना कच्चं ठरवण्याची घाई नको, त्यांच्या कोरेपणामुळेच पाठोपाठ येणारा जोआंव यांचा गळा उबदार लागतो.

तिसऱ्या फेरीत रिकाम्या जागा. दोन ओळींच्या मध्ये कोण बोलतं? गेट्झ यांचा सॅक्सोफोन तिथे वाफेसारखा शिरतो. जोबिम पियानोवर एकेकच सूर ठेवतात, मूठभर कधीच नाही. ओगरमन व्हायोलिनांचा ताफा आणतात आणि त्याला मागच्या ओसरीत बसवतात.

शेवटी पेटी काढा. चालीची सुरुवात फक्त दोन सुरांवर झुलते, आणि ते दोन सूर म्हणजे ग आणि रे. रेकॉर्डिंगमधले हे दोन सूर पेटीवर शोधा; खालच्या सुराच्या दोन पट्ट्या खाली सा. गाणं सुरू होताच ऐकू येणाऱ्या खर्जाला सा समजू नका. भजनाच्या सवयीनं नेमकी तिथेच चूक होते, कारण या गाण्यात खर्ज सा वर बराच उशिरा, वळसा घेऊन येतो. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर तानपुऱ्याच्या अॅपवर पेटी तपासा. पेटी बरोबर निघाली तर अपलोडचा वेग बदललेला असण्याची शक्यता आहे; ती प्रत बाजूला ठेवा.

सा मिळाला की उजव्या हातानं ग-रे-ग-रे चालू ठेवा आणि डाव्या हातानं सुरांचे हे गट धरा: आधी ध, सा, ग, तीव्र म, मग कोमल ध, नि, रे, शुद्ध म. वरची चाल तीच, खालचा सूर फक्त अर्धी पायरी उतरला, आणि त्याच दोन सुरांचा रंग पालटला. पुढच्या ओळीला चाल वळते तेव्हा प, कोमल नि, रे, म. सगळा खर्ज ध, कोमल ध, प असा जिना उतरतो. भात्याला जोर देऊ नका, सूर जेमतेम उमटले पाहिजेत.

एका बैठकीत दोनच रेकॉर्डिंगं घ्या, आणि पहिलं शेवटी पुन्हा लावा. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान थकतो आणि नंतरचं सगळं सपाट वाटतं. पेटीवर तो जिना दोन-तीनदा उतरून झाला की लगेच १९६० चं रेकॉर्डिंग लावा आणि दुसऱ्या ओळीत, ‘हे प्रेम, एक गाणं’ म्हणताना, अंगठा कुठे उतरतो ते ऐका.