दुकानाची आगोट

मे उजाडला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, कुळीथ, मिरच्या, सुकी मच्छी, लाकूडफाटा, अशी चार महिन्यांची बेगमी. दुकानाची आगोट भरण्याची सवय मात्र आम्हा चिपळूणकरांना नव्हती. ती २२ जुलै २०२१ च्या पुराने लावली. मी इथल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. पुरात कोणाचं काय बुडालं हे सगळ्या गावाने पाहिलं. नंतर कोणाला काय सिद्ध करता आलं नाही, ते माझ्या टेबलावर आलं. त्यामुळे पुराच्या तयारीच्या या यादीत माल थोडा मागे आणि कागद पुढे आहे.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. आमची वाशिष्ठी नदी वर सह्याद्रीतून येते, कोयनेच्या वीजघरांचं पाणीही तिच्यातच उतरतं आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की हे पाणी तुंबतं. २०२१ चा पूर आषाढी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आला, म्हणजे ऐन उधाणात. जुलै-ऑगस्टमधल्या अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या आगेमागचे दोन-तीन दिवस लाल पेनाने रंगवून ठेवा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की खाडीच्या मुखाशी भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास. शहरापर्यंत ती पोचायला आणखी वेळ लागतो, पण धो धो पाऊस आणि लाल तारीख एकत्र आली, तर शटर ओढून घरी जाऊन झोपायचं नाही.

मग दुकानात खूण करा. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण धरून ज्यांनी पोटमाळ्यावर आणि वरच्या फळीवर माल चढवला, त्यातल्या कित्येकांना २०२१ च्या पाण्याने खोटं पाडलं. तेव्हा शेवटच्या पुराची रेघ भिंतीवर ऑइल पेंटने ओढा आणि तिच्यावर हातभर जागा सोडून 'वरचं' कशाला म्हणायचं ते ठरवा. तेवढी उंची दुकानात नसेल, तर माल वर चढवण्याचा नाद सोडून उंचावरच्या ओळखीच्या घरात एक खोली आणि एक टेम्पोवाला आताच बोलून ठेवा. पुराच्या रात्री टेम्पो मिळत नाही. काय आधी हलवायचं तेही आत्ताच लिहा. कमी वजनात जास्त किमतीचं आधी, म्हणजे मोबाईलवाल्याचे हँडसेट, कापडवाल्याच्या साड्या, औषधवाल्याची महागडी इंजेक्शनं. साखरेची पोती वाचवण्यात दोन तास घालवून गल्ल्याखालचा संगणक विसरलेला माणूस मी पाहिला आहे.

आता कागद. शॉप अॅक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, जीएसटीचं प्रमाणपत्र, भाडेकरार, विम्याची पॉलिसी, बँकेची मंजुरीपत्रं, या सगळ्यांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा आणि एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर रोजचा बॅकअप ऑनलाइन जाऊ द्या. दुकानातच ठेवलेला पेनड्राइव्ह संगणकाबरोबरच बुडतो. सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे उधारीची वही. तिची दुसरी प्रत कोणाकडेच नसते. दर शनिवारी पानांचे फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. वही गेली की उधारी गिऱ्हाइकाच्या इमानावर उरते. चिपळुणात लोकांनी आपणहून येऊन पैसे दिल्याचीही उदाहरणं आहेत, पण त्यावर धंदा चालवू नये.

महिन्यातून एकदा दुकान भरलेलं असताना, फळ्यांवरचा माल दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ काढा. खरेदीची बिलं आणि हा व्हिडिओ जुळला की विम्याच्या सर्व्हेअरचे, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाचे, निम्मे प्रश्न संपतात.

विम्यावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेचं कर्ज, घेतलेल्या दुकानदाराचा विमा बहुतेक वेळा बँकच उतरवते. हप्ता खात्यातून वळता होतो, पॉलिसी बँकेच्या फायलीत राहते आणि दुकानदाराला ती कधी दिसतच नाही. ती मागून घ्या आणि तीन गोष्टी पाहा. पहिली, पत्ता. दुकानाचा आहे की गोदामाचाही? गोदाम त्यात नसेल तर तिथला माल विम्याबाहेर. दुसरी, वादळ-पुराचं संरक्षण. हप्ता कमी करण्यासाठी ते वगळलेलं असू शकतं, आणि मग आगीचा विमा हातात धरून चिखलात उभं राहावं लागतं. तिसरी, रक्कम. मार्चअखेरच्या साठ्यावर विमा घेतला जातो आणि पूर येतो जुलैत, गणपतीचा माल भरला जात असताना. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ८ लाखांचं असेल, तर कंपनी ८ नाही, ४ देते. तुम्ही अर्ध्याचाच विमा घेतला होता, हा तिचा हिशेब. एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आली आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ असते. निम्म्याची नाही.

पाणी ओसरल्यावर झाडू उचलायच्या आधी मोबाईल उचला. चिखल, पाण्याची रेघ, प्रत्येक फळी, प्रत्येक यंत्राचा नंबर, सगळ्याचे फोटो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर बोललात तरी मागोमाग लेखी. सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका. कुजायला लागला आणि फेकावाच लागला, तर मोजून, यादी करून, फोटो काढून आणि कंपनीला सांगून. सरकारी पंचनाम्याची प्रत मागून घ्या. २०२१ मध्ये दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंतची मदत जाहीर झाली होती. तिने दुकान उभं राहत नाही, पण पहिल्या आठवड्याची मजुरी निघते.

गाळ ओला असतानाच काढा, सुकला की तो सिमेंटसारखा धरतो. गमबूट आणि हातमोजे घाला. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते, म्हणून आरोग्य केंद्रात गोळ्यांबद्दल विचारा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. फ्रीज, संगणक, मोटर 'चालतंय का बघू' म्हणून लावून पाहायची नाही. हार्ड डिस्क न लावता जाणकाराकडे दिली तर आतला हिशेब परत मिळण्याची आशा असते, लावून पाहिली की बहुधा तीही जाते. पुराचं पाणी लागलेलं खाण्याचं सामान विकू नका, स्वस्तातसुद्धा नाही. पाण्यात गेलेला वजनकाटा दुरुस्त केला तर वैधमापनकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पुन्हा शिक्का मारून घ्यावा लागतो. ही गोष्ट दहापैकी नऊ जण विसरतात.

आणखी एक कडू गोळी जीएसटीची. नष्ट झालेल्या मालावर तुम्ही आधी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे. माल गेला आणि वर करही गेला. म्हणून विम्याचा दावा मांडतानाच, या कराची रक्कम मालाच्या किमतीत धरायची की नाही, हे सर्व्हेअरशी बोलून ठरवा. एकदा दावा बंद झाला की पुन्हा सहजी उघडत नाही.

दुकान पूर्ण लागायची वाट पाहू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी दारात टेबल टाकून बसा. त्या आठवड्यात गावाला झाडू, ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या, बादल्या, गमबूट आणि कोरडे कपडे लागतात. तेवढ्याचाच माल कराडहून किंवा कोल्हापूरहून मागवता येतो का बघा, कुंभार्ली घाट चालू असेल तर. कामावरच्या पोरांना आधी त्यांच्या घरचा गाळ काढायला दोन दिवस द्या.

आणि घाऊक व्यापाऱ्याला फोन. त्याचा वसुलीचा फोन येण्याआधी तुमचा जायला हवा. फोटो पाठवा, किती बिलं बाकी आहेत ते स्वतःहून सांगा आणि मुदत मागा. बँकेकडे हप्ते पुढे ढकलण्याचा अर्जही त्याच आठवड्यात द्या, आणि पोच घ्या. चेक परत गेल्यावर हेच दोन्ही मागायला गेलात तर बोलणं वेगळ्या सुरात होतं.