गाणं टाकण्याआधीचे चार आठवडे

मिक्स-मास्टर होऊन फाइल हातात आली की त्याच रात्री गाणं टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. जरा दम धरा. प्रमोशनचं निम्मं काम गाणं बाहेर यायच्या आधीच करायचं असतं, आणि त्यातलंही बरंचसं नुसतं फॉर्म भरण्याचं असतं.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांच्याकडे आपल्याला थेट जाता येत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं तिथवर पोचवणारी कंपनी, लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाला ठरावीक फी घेतं. सीडी बेबी दर रिलीजला एकदाच पैसे घेतं, पण कमाईतला वाटाही ठेवतं. वर्षाला एखादंच गाणं काढणार असाल तर दुसरा हिशेब बरा, दर महिन्याला काढणार असाल तर पहिला. मात्र वार्षिक फी थकली तर गाणी उतरवली जाऊ शकतात, ती अट आधी वाचा. रिलीजची तारीख चार आठवडे पुढची द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी फक्त अप्रकाशित गाणंच पाठवता येतं. ते किमान सात दिवस आधी गेलं, तर फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही येतं.

डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये भाषा मराठीच निवडा. जास्त ऐकलं जाईल म्हणून हिंदी निवडणारे महाभाग मी पाहिलेत. नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच काय ते ठरवा. ‘झ’ एका गाण्यात ‘झेड’ने आणि दुसऱ्यात ‘जे-एच’ने लिहिला, की एकाच गायकाची दोन प्रोफाइल्स तयार होतात आणि ऐकणारे दोन्हीकडे वाटले जातात. प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा आयएसआरसी कोड जपून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा, म्हणजे जुने प्ले हातचे जात नाहीत.

आपल्याकडे खरा गुंता होतो तो हक्कांचा. अभंग करायचाय? तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण रेडिओवर ऐकून ओठांवर बसलेली चाल कुणा संगीतकाराची असते. तिचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. कवितांचंही तेच. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कवितेला खुशाल चाल लावा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथे आधी परवानगी.

गीतकार जिवलग मित्र असला तरी वाटे लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर का होईना. गाणं चालेपर्यंत वाट्याची आठवण कुणालाच नसते! डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीची रॉयल्टी वेगळी गोळा होते, त्यासाठी गीतकार आणि संगीतकार दोघांनी आयपीआरएसचं, म्हणजे ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला हवं. नवीन मंडळी हे हमखास राहू देतात.

नेटवरून घेतलेला तबल्याचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तयार तुकडा, वापरला असेल तर त्याचा परवाना सेव्ह करा. तोच लूप वापरून दुसऱ्या कुणी त्याचं स्वतःचं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं असेल, तर तिथे तुमच्या गाण्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येतो. डिस्प्यूट टाकताना तो परवानाच कामी येतो.

रील्सचं सगळे सांगतातच, म्हणून एवढंच: मुखड्याचा हट्ट धरू नका. रियाज ऐकताना घरातलं माणूस ज्या ओळीशी थबकतं, ती ओळ लावा.

‘इतक्या रुपयांत दहा हजार प्ले’ असे मेसेज येऊ लागतील. त्यांच्या नादी लागू नका. २०२४पासून उघड खोटे प्ले सापडले तर स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, आणि तो भुर्दंड फिरून तुमच्यावर येऊ शकतो. त्याच वर्षापासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसलेल्या गाण्याला तिथे रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. हजार झाले तरी हाती येतात ते चहापाण्यापुरते.

मराठीत पोट भरतं ते कार्यक्रमांवर, जिंगल्सवर, शिकवण्यांवर. गणेशोत्सव, दिवाळी पहाट यांच्या आयोजकांना मात्र हीच गाणी दाखवायची असतात. त्यांना लिंक पाठवताना स्टुडिओतल्या गाण्यासोबत मोबाइलवर एका टेकमध्ये घेतलेला व्हिडिओही जोडा. बरेच जण तोच आधी उघडतात, कारण स्टेजवर माणूस सुरात उभा राहतो का, हे त्यांना बघायचं असतं.