जपानमध्ये इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट गन: कोणती घ्यावी, काय बदलावं, कशी सांभाळावी

ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्यांबरोबर टोकियोजवळच्या चिबाच्या झाडीत एकदा 'साबागे' (एअरसॉफ्ट गनने खेळायची लुटुपुटूची लढाई) खेळून आलेला मराठी माणूस पुढच्याच आठवड्यात दोन प्रश्न घेऊन येतो. गन कोणती घेऊ? आणि जोर कसा वाढवू? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: जोर वाढवायचा नाही.

2006 साली जपानने कायदा बदलला आणि 6 मिलिमीटरच्या बीबीसाठी (गनमधून सुटणारी प्लॅस्टिकची गोळी) 0.98 ज्यूल ही मर्यादा घातली. म्हणजे 0.2 ग्रॅमची बीबी सेकंदाला 98.99 मीटरच्या आत राहिली पाहिजे. याच्या वर गेलेली गन खेळणं राहत नाही, ती नुसती घरात बाळगणंही गुन्हा ठरतं. त्यामुळे मैदानावर सगळ्यांच्या गनचा जोर साधारण सारखाच असतो. ज्याची बीबी दर वेळी त्याच वाटेने, तितकीच लांब जाते, तो वरचढ ठरतो. पैसे कुठे घालायचे हे इथेच ठरतं.

पायरी 1: गनच्या आधी गॉगल

भाड्याची गन चालेल, भाड्याचा गॉगल नको. त्यावर आधीच ओरखडे असतात आणि तो तुमच्या चेहऱ्याला नीट बसेलच असं नाही. झेड 87.1 किंवा ईएन 166 हे मानक छापलेला, कडेने बंद असलेला गॉगल घ्या. साधा चष्मा किंवा सनग्लास चालत नाही. खाली जाळीचा मास्क लावा, समोरचा दात पडला की हा छंद फार महागात जातो. चष्मा लावणाऱ्यांनी दुकानात चष्म्यासकट घालून पाहावं. टोकियोच्या दमट उन्हाळ्यात काचेवर वाफ धरतेच, म्हणून दुहेरी काचेचा किंवा छोटा पंखा बसवलेला गॉगल बरा. खेळाच्या मध्ये वाफ पुसायला गॉगल वर करणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. तशी वेळ आली तर हात वर करून 'हिट' (म्हणजे 'मी बाद') म्हणा आणि डोळे झाकलेलेच ठेवून बाहेर चालत या.

पायरी 2: पहिली गन

बॅटरी, मोटर, गिअर आणि पिस्टन यांवर चालणारी ही गन 1991 मध्ये टोकियो मारुई या जपानी कंपनीने फामास या फ्रेंच रायफलच्या रूपात आणली. आजही नवख्याला मी याच कंपनीची गन सुचवतो. देशप्रेमी जपानी मित्रही तेच सांगतील, पण माझं कारण वेगळं आहे. डब्यातून काढल्यावर ती सरळ मारते, जोर कायद्यात बसतो आणि सुटे भाग टोकियोतल्या अकिहाबारात सहज मिळतात. बाहेरच्या देशांतल्या धातूच्या गन हातात घेतल्यावर भारदस्त वाटतात, पण त्यांतल्या बऱ्याच जास्त ताकदीच्या स्प्रिंगसाठी बनवलेल्या असतात. घ्यायचीच असेल तर जपानी मर्यादेत बसवून, मोजमाप करून विकणाऱ्या दुकानातूनच घ्या.

मारुईमध्ये दोन मुख्य वाटा आहेत. स्टँडर्ड मालिका हलकी आणि उघडायला सोपी. 2007 पासूनच्या नेक्स्ट-जनरेशन मालिकेत झाडताना खांद्याला धक्का बसतो, मजा येते, पण किंमत जवळपास दुप्पट, वजन जास्त आणि आतली रचना किचकट. पुढे स्वतः स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची इच्छा असेल तर स्टँडर्ड घ्या. नुसतं खेळायचं असेल तर नेक्स्ट-जनरेशन एम-फोर (अमेरिकी रायफलची नक्कल) घेऊन मोकळे व्हा.

लांबीचा मोह टाळा. चिबातली मैदानं बांबू आणि झुडपांनी भरलेली असतात, तिथे एमपी-फाइव्हसारखी आखूड गन बरी पडते. मॅगझिन, म्हणजे बीबी भरायचा डबा, साधी स्प्रिंगवाली घ्या. नेक्स्ट-जनरेशन एम-फोरच्या साध्या मॅगझिनमध्ये 82 बीबी मावतात आणि तशा तीन-चार मॅगझिन पुरतात. शेकडो बीबींची मोठी मॅगझिन चालताना खुळखुळते, लपून बसण्यात मग अर्थ उरत नाही.

एक सूचना पालकांसाठी. 0.98 ज्यूलच्या गन 18 वर्षांवरच्यांसाठी असतात. मुलांसाठी 10 वर्षांवरची वेगळी, कमी जोराची मालिका आहे, तीच घ्या.

पायरी 3: बीबी आणि हॉप-अप

हजारो येनचे भाग बदलण्याआधी चांगल्या बीबीचं पाकीट घ्या. उघड्या मैदानावर बहुतेक ठिकाणी मातीत हळूहळू कुजणाऱ्या बायो बीबीच चालतात. त्यांना दमटपणा सोसत नाही, म्हणून जूनच्या पावसात आपण पापड सांभाळतो तशा त्या हवाबंद डब्यात ठेवा. जमिनीवर पडलेली बीबी उचलून पुन्हा भरू नका, मातीचा एक कण बॅरलला (गनच्या नळीला) चरा पाडतो. वजन 0.2 ग्रॅमऐवजी 0.25 घेतलं तर वारा कमी छळतो.

चेंबरमधलं (झाडण्याआधी बीबी जिथे बसते त्या खाचेतलं) छोटं रबर बीबीला वरून घासतं, तिला उलटी फिरकी मिळते आणि ती हवेत तरंगत लांब जाते. हे म्हणजे हॉप-अप. ते शून्यापासून थोडं थोडं वाढवत 30-40 मीटरवरच्या पाटीवर मारून पाहा. बीबी शेवटी किंचित वर उचलून मग पडली की जमलं. सरळ आभाळात चालली तर जास्त झालं. बीबीचं वजन बदललं की हे पुन्हा करायचं.

पायरी 4: बदल, पण या क्रमाने

पहिला बदल हॉप-अपच्या रबराचा. स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा. रबर बसवताना त्याची आतली उंचवट्याची रेघ बरोबर वरच्या मध्यावर आली पाहिजे. जराशी तिरकी बसली की बीबी डावी-उजवीकडे वळते आणि माणूस उगाच बॅरलला दोष देत बसतो.

दुसरा बदल विजेचा. 7.4 व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावली तर ट्रिगरला प्रतिसाद चटकन येतो. पण ती लावण्याआधी मॉसफेट (ट्रिगरच्या संपर्कांऐवजी मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवून घ्या, नाहीतर ठिणग्यांनी ट्रिगरचे तांब्याचे संपर्क काळे पडतात. मारुई स्वतःच्या बॅटरीचीच शिफारस करते, त्यामुळे यापुढची जबाबदारी तुमची. 11.1 व्होल्टच्या वाटेला कारखान्यातून आलेल्या गिअरबॉक्सने (गिअर आणि पिस्टन असलेल्या पेटीने) जाऊ नये.

तिसरा बदल हवेच्या गळतीचा. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हे काम होत नाही. डोळ्यांवर गॉगल चढवा, कारण गिअरबॉक्सचं कवच उघडताच स्प्रिंग उडते. मागच्या भोकातून स्प्रिंग गाइडमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून ती धरून ठेवली की भाग पलंगाखाली शोधावे लागत नाहीत. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः गिअरवरच्या पातळ चकत्यांचे. कोणती कुठे होती हे नंतर आठवत नाही. आता सिलिंडर, त्याचं टोपण आणि नोझल एकत्र धरा, नोझलच्या तोंडावर बोट दाबा आणि पिस्टन आत ढकला. तो मध्येच घट्ट थांबला तर उत्तम. हळूहळू सरकत गेला तर हवा गळते आहे. आधी पिस्टनच्या टोकावरची ओ-रिंग बदलून पाहा, मग नोझल.

आणि हाच सापळा आहे. गळती बंद झाली, वर मूळच्या 6.08 मिलिमीटरच्या जागी 6.03 चं अरुंद बॅरल घातलं, की स्प्रिंगला हात न लावताही वेग वाढतो. सेकंदाला 95 मीटर वेग असलेली गन अशी नकळत 99 च्या पलीकडे जाऊ शकते. कुठलाही बदल केल्यावर 0.2 ग्रॅमच्या बीबीने वेग मोजा. मैदानावर सकाळी मोजणी होतेच, पण तिथे नापास होऊन सगळ्यांसमोर गन पिशवीत घालण्यापेक्षा दुकानात मोजून घेतलेलं बरं. आकडा 90 च्या आसपास ठेवा. वेग वाढलाच असेल तर स्प्रिंग मऊ घाला.

जास्त वेगाचे गिअर, भारी मोटर, धातूचं सजावटी सामान: हे सगळं नंतर, पैसे उतू जात असतील तेव्हा.

पायरी 5: खेळून आल्यावर

मॅगझिन काढा. गन सुरक्षित दिशेला धरून सेमीवर (ट्रिगरच्या एका ओढीला एकच बीबी) दोन वेळा झाडा, चेंबरमध्ये अडकलेली बीबी निघून जाते. ऑटोवर (ट्रिगर धरून ठेवला की सलग झडते) थांबलेल्या गनमध्ये पिस्टन अर्धवट ओढलेला असू शकतो, त्यामुळे शेवटचा झटका सेमीचाच, म्हणजे स्प्रिंग सैल होते. हॉप-अप शून्यावर आणा. मग बॅटरी काढा.

सफाईच्या काठीला टिश्यूची पट्टी गुंडाळा आणि हॉप-अप शून्यावर असतानाच बॅरलमधून फिरवा. टिश्यू राखाडी येईल, स्वच्छ येईपर्यंत बदला. सिलिकॉनचा फवारा बॅरलमध्ये मारायची सवय अनेकांना असते. रबर तेलकट झालं की पकड सुटते आणि बीबी पुढे जाऊन नुसती खाली पडते. कोरडीच पुसा.

गनचा आवाज ऐकायला शिका. झाडताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर मूठीच्या तळाशी असलेला मोटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि आवाज सगळ्यात मऊ होईल तिथे थांबा. सेमीवर ट्रिगर अडकला आणि सिलेक्टरही (सेमी-ऑटो बदलणारी कळ) हलेना तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. सिलेक्टर जोराने ओढलात तर आतली पट्टी तुटते. भरलेली बॅटरी लावा, ट्रिगर ओढा, सुटेल.

लायपो घरी पूर्ण भरून ठेवू नका. आठवडाभर खेळायचं नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, अग्निरोधक पिशवीत. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि साध्या कचऱ्यातही टाकायची नाही, ती वेगळी जमा करावी लागते.

ट्रेनने नेताना गन बंद बॅगेत, बॅटरी वेगळी. भारतात परत जाताना ती सामानात घालू नका. खऱ्या रायफलसारखी दिसणारी वस्तू कस्टमला समजावत बसण्यापेक्षा अकिहाबारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात विका. मूळ खोका, माहितीपुस्तिका आणि बदललेले मूळ भाग जपून ठेवले असतील तर भाव बरा मिळतो.