डीव्हीचा अर्ज करताय? या चुका टाळा

"डीव्ही टाकली, आता त्याला अटक कधी होणार?" कोर्टाच्या आवारात हा प्रश्न हमखास ऐकू येतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. डीव्ही म्हणजे डोमेस्टिक व्हायोलन्स, घरातली हिंसा. त्यासाठीचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. शिक्षेसाठी फौजदारी तक्रारीचा रस्ता वेगळा आहे: आधीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. डीव्हीचा अर्ज असतो राहतं घर, सुरक्षितता, खर्चाचे पैसे आणि मुलं यांसाठी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. पण पोलिसांत द्यायची तक्रार जशीच्या तशी डीव्हीच्या अर्जात उतरवली की अर्ज लंगडा पडतो.

(आत्ता या क्षणी मारहाण होत असेल तर अर्जबिर्ज नंतर. आधी ११२ किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन.)

हकीकत दहा पानं, मागणी एक ओळ

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. लग्नातल्या मानपानापासूनचा इतिहास सविस्तर लिहायचा आणि शेवटी "योग्य तो न्याय मिळावा" म्हणून सही करायची. न्यायदंडाधिकाऱ्यांनी यावर द्यायचं काय? कायद्याने प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं कलम दिलंय: संरक्षण आदेश (त्रास देण्यावर बंदी) १८, घर १९, पैसे २०, मुलांचा ताबा २१, नुकसानभरपाई २२. जे हवं ते प्रत्येक कलमाखाली वेगळं मागा, आणि पैशांची मागणी आकड्यांत करा. घरभाडं किती, शाळेची फी किती, औषधांना किती. स्त्रीधनाची यादी जोडा. पावत्या नसतील तर दागिने अंगावर असलेले लग्नातले फोटोही कामाला येतात. सासरी परत जाणं धोक्याचं असेल तर तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागता येतं. हे मागायचं बऱ्याचदा राहूनच जातं.

पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणून माझ्या मते मूळ अर्जाइतकीच, किंबहुना जास्तच मेहनत कलम २३ च्या अंतरिम अर्जावर, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठीच्या अर्जावर, घ्यावी. धोका तातडीचा आहे हे प्रतिज्ञापत्रातून दिसलं, तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही आदेश होऊ शकतो. मात्र "नेहमी मारतो" एवढ्यावर तो होत नाही. शेवटची घटना कधी, कुठे घडली, कुणी पाहिलं, दवाखान्यात गेलात का, हे लिहा.

आणि स्वतःची कमाई लपवू नका. शिकवणी असो की शिवणकाम. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दुसऱ्या कोर्टात पोटगी मागितली असेल तर तेही सांगावं लागतं. कमाई आहे म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही. लपवलेली कमाई उलटतपासणीत बाहेर आली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

"घर सासूच्या नावावर आहे, मग माझं काय?"

घर सासू-सासऱ्यांचं असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क नाही, हा समज पसरायला २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा बत्रा निकाल कारणीभूत होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा प्रकरणात तो मोडीत निघाला. नवरा-बायको म्हणून तुम्ही जिथे संसार केलात ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी मिळत नाही, आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या बाजूचाही विचार होतो, हे लक्षात ठेवा. बैठक बसवून "मी स्वखुशीने माहेरी जात आहे" असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागतात, त्यावर सही करू नका.

माहेरी आलात म्हणून सासरच्या तालुक्याच्या कोर्टात खेटे घालायची गरज नाही. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथेही अर्ज चालतो.

सासू-नणंदेलाही प्रतिवादी करता येतं. म्हणून दिवाळीला येऊन गेलेल्या चुलतसासऱ्यांपासून सगळ्यांचीच नावं घालू नयेत. ज्यांनी त्रास दिला आणि जे एकाच घरात राहत होते, तेवढीच घाला. प्रत्येक जादा नावामागे एक समन्स आणि बजावणी होईपर्यंतच्या तारखा येतात. घर सोडून जाण्याचा आदेश मात्र बाईविरुद्ध होत नाही. ती मागणी सासूविरुद्ध करून उपयोग नाही.

अहवालाची वाट पाहणं

संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची नोंद, करून देतात, अर्ज भरायलाही मदत करतात, फी लागत नाही. पण तो अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही; २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. वकिलाच्या फीसाठीही थांबू नका. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आदेश हातात आहे, पण नवरा जुमानत नाही

आदेशाची प्रत मोफत मिळते. ती जवळ बाळगा आणि पोलीस ठाण्यात पोचली का ते विचारा. संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत पाठवत असतील तर आदेशाची प्रत आणि कलम पुढे करा. साक्षीदार नाही म्हणून मागे हटू नका. एकट्या पीडितेच्या साक्षीवरही गुन्हा झाला असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं.

पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज करा. नवरा नोकरीत असेल तर पगारातली रक्कम मालकाने थेट तुम्हाला किंवा कोर्टात भरावी, असा आदेश कलम २०(६) खाली मागता येतो. मंजूर रक्कमच कमी वाटत असेल, तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात.