लाकडी फ्लोअरिंग तिरपं टाकायचंय? आधी रेघ नीट मारा

अमेरिकेत घर घेतलं की आपले बरेच जण कार्पेट उपटून लाकडी फ्लोअर टाकतात, आणि मजुरीचे आकडे बघून काही जण स्वतःच कामाला लागतात. सरळ फळ्या टाकताना एका भिंतीला धरून सुरू करता येतं. ४५ अंशात तिरपं टाकायचं तर भिंतीचा आधारच नाही, सगळं काम एका रेघेवर. तरी जुन्या घरात, जिथे भिंती गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, नसतात, तिथे मी तिरपंच सुचवेन, कारण सरळ टाकलं तर शेवटची फळी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच आधी दिसतं, तिरप्यात ते लपून जातं.

मी इथे पाऊण इंची सॉलिड ओकबद्दल बोलतोय, प्लायवूडच्या सबफ्लोअरवर, म्हणजे फळ्यांखालच्या पायथ्यावर, खिळ्यांनी ठोकायचं. बेसमेंटमध्ये सॉलिड लाकूड टाकूच नका. माल खोलीच्या मापापेक्षा १५ टक्के तरी जास्त आणा, सरळ कामाला ५ ते १० पुरतो. आणल्या आणल्या ठोकायला बसू नका, हीटिंग किंवा एसी रोजच्यासारखं चालू ठेवून माल त्याच खोलीत ठेवा आणि ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरने फळी आणि प्लाय दोन्ही तपासा. ३ इंच किंवा जास्त रुंद फळीत आणि प्लायमध्ये ओलाव्याचा २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तोवर प्लाय जिथे करकरतो तिथे स्क्रू मारून घ्या, नंतर ती संधी नाही.

आता रेघ. खोलीच्या मध्यावर दोन रेघा काटकोनात मारा, आपल्याकडचे गवंडी करतात तसंच, एकीवर ३ फूट, दुसरीवर ४, आणि मधलं तिरकं बरोब्बर ५ भरलं पाहिजे. मोठी खोली असेल तर ६-८-१० घ्या, जितकं मोठं माप तितकी चूक कमी. मग छेदबिंदूपासून दोन्ही रेघांवर सारख्या अंतरावर खुणा करून त्या चॉक लाइनने, म्हणजे खडू लावलेल्या दोरीने, जोडा, झाली ४५ अंशाची रेघ. परत मोजा. खरंच परत मोजा.

त्या रेघेवर एक सरळसोट पट्टी स्क्रूने घट्ट बसवा आणि पहिल्या फळीची खाच पट्टीकडे, जीभ (फळीच्या कडेची पुढे आलेली धार, जी शेजारच्या फळीच्या खाचेत बसते) बाहेरच्या बाजूला ठेवून नेलरने, म्हणजे खिळे मारायच्या मशीनने, जिभेतून तिरके खिळे मारत चला, दर ८ इंचांवर एक. शेजारशेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून ६ इंच तरी दूर ठेवा. काही ओळी झाल्या की पट्टी काढा, पहिल्या फळीच्या उघड्या खाचेत ग्लू लावून स्प्लाइन, म्हणजे दोन्हीकडून जीभ असलेली बारीक पट्टी, बसवा आणि तिथून उलट्या दिशेने निघा. काही जण कोपऱ्यातून सुरू करतात, मला ते पटत नाही, तिथले छोटे तुकडे ठोकताना हलतात आणि त्यांच्यामागे सगळी लाइन हलते.

कापाकापीत एक गोष्ट कळली की लाकूड वाचतं. ओळ समोरासमोरच्या भिंतींमध्ये जात असेल तर दोन्ही टोकांचे काप समांतर असतात, त्यामुळे उजवीकडचा उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या डावीकडे जसाच्या तसा लागतो, जीभ-खाचही जुळते. कोपऱ्याच्या त्रिकोणात मात्र काप उलटसुलट असतात आणि तिथे तो तुकडा चालत नाही, खरा वेस्टेज तिथेच होतो. त्रिकोणात प्रत्येक ओळीची लांबी फळीच्या रुंदीच्या दुपटीने बदलते, म्हणजे सव्वातीन इंची फळीला साडेसहा इंच. हा हिशोब धरून लांब फळ्या मधल्या भागाला राखून ठेवा, आखूड त्रिकोणात संपवा.

भिंतीपाशी सगळीकडे पाऊण इंच जागा सोडा, उन्हाळ्यात लाकूड फुगतं. दाराची चौकट खालून कापून फळी तिच्याखाली सरकवा, चौकटीभोवती फळी कोरत बसू नका. शेवटच्या कोपऱ्यात नेलर मावत नाही, तिथे आधी भोक पाडून वरून खिळा मारा आणि लाकडाच्या रंगाचं फिलर भरा. बेसबोर्डचे, म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या पट्टीचे, खिळे भिंतीत जाऊ देत, फ्लोअरमध्ये नको.