डिस्क बदलायची, पण नवतपा सरल्यावर

आमच्या घरच्या नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांच्या फाइल साठवणाऱ्या पेटीत) ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये आहेत. एकीवर जे आहे तेच दुसरीवर. त्यात ३.४ टीबी भरलं आहे: बाबांनी काढलेले फोटो, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, मुलीच्या जन्मापासूनचे व्हिडिओ. आता दोन्ही जागी ८ टीबीच्या डिस्क टाकायच्या आहेत. काम स्क्रूड्रायव्हरचं आणि दहा मिनिटांचं वाटतं, पण खरी मेहनत त्याआधीच्या पंधरवड्यात आहे.

पहिली गोष्ट मुहूर्ताची. नागपुरात २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. एक डिस्क काढून नवी लावली की यंत्र उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळं नव्या डिस्कवर उतरवतं. हीच पुनर्बांधणी. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला, तर ४ टीबीची पूर्ण डिस्क वाचायला साडेसात तास लागतात. मधे कोणी व्हिडिओ पाहत बसलं तर त्याहून जास्त. इतका वेळ डिस्क अखंड चालते आणि तापते. दुपारी लाइन गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, कूलर नाही. खोली भट्टी होते. म्हणून दिवाळीनंतर, थंडीची चाहूल लागल्यावर हे काम काढावं. ज्यांना उन्हाळ्यातच करणं भाग आहे त्यांनी संध्याकाळी सुरू करावं आणि डिस्कचं तापमान ५० अंशांच्या आत आहे ना ते पाहत राहावं. कूलरच्या तोंडासमोर मात्र नॅस ठेवू नका, ती हवा ओलसर असते.

आता सर्वांत महत्त्वाचं. लोक नव्या डिस्कची काळजी करतात. मला काळजी असते ती मागे राहणाऱ्या जुन्या डिस्कची. त्या साडेसात तासांत यंत्राच्या आत तुमच्या आठवणींची धड प्रत तेवढी एकच असते, आणि नेमकं त्याच वेळी ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचली जाते. पाच वर्षं जो कोपरा कोणी उघडला नाही, तिथला दोष तेव्हा उघडा पडतो. म्हणून आठवडाभर आधी दोन्ही जुन्या डिस्कची स्मार्ट तपासणी, म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःची केलेली तपासणी, नॅसच्या सेटिंग्जमधून लावा. झटपट नको, विस्तारित. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे शून्य हवेत. एकीवर आकडे चढलेले असतील तर तीच आधी काढायची, धडधाकट असेल ती ठेवायची. कोणत्या कप्प्यात कोणता सिरियल नंबर आहे हे कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा. चुकीचा कप्पा ओढला गेला की हे सगळं वाया.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. तेव्हा ५ टीबीची एक पोर्टेबल डिस्क घेऊन त्यावर सगळं उतरवा. सेकंदाला १०० एमबीच्या हिशेबाने ३.४ टीबीला साडेनऊ तास लागतात, म्हणजे रात्री लावून निजायचं. सकाळी ती दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच जुने फोल्डर उघडून बघा. मी आजीच्या ओव्या आधी ऐकून घेतो. नॅसच्या सेटिंग्जची फाइलही त्याच डिस्कवर ठेवा.

खरेदीआधी कंपनीच्या साइटवरची सुसंगत डिस्कची यादी पाहा. जुन्या मॉडेलना मोठ्या डिस्क चालतीलच असं नाही. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: सीएमआर आहे की एसएमआर? हे डिस्कवर लिहिण्याचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण रेंगाळतं आणि पुनर्बांधणी लांबते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली कंपनीनेच मान्य केलं. तेव्हा नावावर न जाता मॉडेल नंबर तपासा. बिल होण्याआधी सिरियल नंबर टाकून भारतातली वॉरंटी बघा. घरी आणताना डिस्क स्कूटरच्या डिक्कीत नको, गुंडाळून पिशवीत घ्या. उन्हातून आणली असेल तर दोन तास खोलीत राहू द्या.

यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र स्वतः नीट बंद होतं. बॅटरी जुनी असेल तर आधी बदला. एकदा लाइन घालवून बघा, म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करून.

मग एक डिस्क, पुनर्बांधणी पूर्ण, मग दुसरी. पहिलीनंतर जागा वाढणार नाही, घाबरू नका. दोन्ही बदलल्यावर नॅसच्या सेटिंग्जमधून व्हॉल्यूम (साठवणीची वापरायची जागा) वाढवायचं, आणि ८ ऐवजी ७.२७ दिसलं तरी तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, डिस्क बरोबरच आहे. काढलेल्या जुन्या डिस्क लगेच पुसू नका. तारीख मार्करने लिहून अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि महिनाभर कपाटात राहू द्या.