पार्केट बसवायच्या आधी काय काय बघून घ्यायचं
मुंबई-ठाण्याकडे घरात लाकडी पार्केट, म्हणजे लाकडी पट्ट्यांची फरशी, करायचं डोक्यात असेल तर आधी एक ऐका, पावसाळ्यात काम काढूच नका. दमट हवेत फुगलेलं लाकूड बसवलं की दिवाळीनंतर ते आकसतं आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात, मग कितीही भारी लाकूड असू दे.

माल शक्यतो इंजिनिअर्ड घ्या, म्हणजे खाली प्लाय आणि वर 3-4 एमएम खरं लाकूड, आपल्या हवेत हे अख्ख्या लाकडापेक्षा कमी फुगतं-आकसतं, आणि हेरिंगबोन डिझाईन (माशाच्या काट्यासारखी तिरकी मांडणी) असेल तर कापाकापीत बरंच वाया जातं म्हणून 10-15 टक्के जास्त मागवा, नंतर तोच शेड मिळेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खालची ओल. नवीन कोबा असेल तर वाळायला 25 एमएम जाडीला साधारण महिना धरा, 50 एमएमला दोन, घाई करणारा काँट्रॅक्टर काहीही म्हणू दे. घरच्या घरी बघायचं तर मीटरभर लांब-रुंद जाड प्लास्टिक कोब्यावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा, आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला असेल तर थांबायचं. कोरडं दिसलं तरी मिस्त्रीकडून मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावून घ्याच. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघत असतील तर आधी ते लीकेज काढा, एसीचा ड्रेन पाईप आणि खिडकीतून पाणी येतं का तेही बघून घ्या, आणि वाळवीचं औषध मारायचं असेल तर ते आत्ताच, लाकूड बसल्यावर नाही.

जुन्या लादीवरही बसतं, फक्त पोकळ वाजणाऱ्या लाद्या काढून भरून घ्या आणि दोन मीटरची पट्टी ठेवून बघा, खाली 3 एमएमपेक्षा जास्त फट नको. अंडरले (लाकडाखाली अंथरायचा पातळ थर) धरून फ्लोअर 15-18 एमएमने वर येतो, त्यामुळे दारं खालून रंधावी लागतात, सुताराला आधीच सांगून ठेवा. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर ते रंधता येत नाही, म्हणून उंची आधीच मोजा.

बॉक्स आले की त्याच खोलीत आडवे ठेवा, किमान 48 तास, भिंतीला टेकवून उभे नकोत. भिंतीकडेने 10 एमएम जागा सोडायला लावा, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) झाकली जाते, म्हणून स्कर्टिंग शेवटी. रंगाचं काम मात्र आधीच उरका, फक्त शेवटचा हात राहू दे. आणि कामवाल्या ताईंना सांगून ठेवा, ओला पोछा नाही, घट्ट पिळलेलं फडकं.